काऊन सर

आमच्या हेडमास्तरांना 'का?' विचारायचा आमचा 'काऊन' हा शब्द नीट म्हणता येत नसे. आम्ही वऱ्हाडातली माणसं 'का'वर भार देतो आणि 'ऊन' गिळून टाकतो. ते पुण्याकडचे. ते 'ऊन' असं लांबवायचे की वैशाखातलं ऊनच डोळ्यांपुढे यावं. त्यांनी वर्गात 'का-ऊन?' म्हटलं की मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत हसू पसरत यायचं. त्यांना ते कळायचं, आणि तरीही दिवसभर त्यांच्या तोंडी तोच शब्द असायचा. महिन्याभरात गावाने त्यांचं आडनाव टाकून दिलं. ते काऊन सर झाले.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. लोणारहून सुलतानपूरकडे जाताना जरा आडबाजूला आमचं गाव. बापूसाहेब आटोळ्यांनी रस्त्याकाठची आपली जमीन दिली, गावकऱ्यांनी संस्था काढली आणि पत्र्याच्या छपराखाली हायस्कूल सुरू झालं. बापूसाहेब अर्थातच अध्यक्ष. पण हेडमास्तर टिकेना. आमच्याकडचा शिकलेला माणूस अकोल्या-नागपूरकडे पळायचा. हा एक माणूस उलट्या दिशेने आला, एकटाच, एक वळकटी आणि पुस्तकांची एक ट्रंक घेऊन. काऊन आलात, असं गावाने विचारलं, तेव्हाच बहुधा तो शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला असावा.

त्यांच्या आधी आमच्या शाळेत 'मले', 'तुले' म्हणणाऱ्याच्या हातावर पट्टी बसायची. "पुस्तकातलं बोल," असा नियम होता. पुस्तकं तर आता थेट मुंबई-पुण्याकडून यायला लागली होती, त्यामुळे पट्टीला आणखी जोर चढला. सर आले त्याच आठवड्यात एका पोराने गृहपाठ केला नाही. मास्तरांनी विचारलं तर तो म्हणाला, "मले समजलंच नाई त करू काऊन?" मास्तरांनी पट्टी उचलली. सर दारात उभे होते. ते आत आले आणि त्या पोराला म्हणाले, "पुन्हा म्हण." पोराची बोबडी वळली. सर आमच्याकडे वळून म्हणाले, "पुस्तकातला 'का' दारातूनच विचारून निघून जातो. हा तुमचा 'काऊन' आत येऊन बसतो. मला हा आवडला." पट्टी खाली गेली ती गेलीच. बंदीचा हुकूम कधी निघाला नाही. पट्टी कपाटावर पडली आणि तिच्यावर धूळ साचली.

हुकूम न काढणं ही त्यांची खोडच होती. "मी सांगत नाही, विचारतोय," हे त्यांचं पालुपद. आमच्या शाळेतल्या सगळ्यात वयस्क शिक्षकांना, ज्यांना गाव बडे मास्तर म्हणायचं, हे काही केल्या उमगेना. बडे मास्तरांनी बरीच सरकारं पाहिली होती. नागपूरचं पाहिलं, मग मुंबईचं, आता हे नवं. प्रत्येकाने नवी पुस्तकं दिली, नवे नियम दिले, आणि प्रत्येक वेळी बडे मास्तरांनी मान डोलावून जुनंच शिकवलं. ते म्हणायचे, "सरकार बदलते, हेडमास्तर बदलते, पोट्टे तेच राह्यतेत." हुकूम कसा मोडायचा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. विचारलेल्या प्रश्नाचं काय करायचं ते मात्र माहीत नव्हतं.

सर विचारायचे तेही एकेकट्याला. शिक्षकांची सभा त्यांना आवडत नसे. सभेत माणूस आपलं मत सांगत नाही, शेजाऱ्याचं तोंड बघून बोलतो, असं ते म्हणत. त्यामुळे शाळा सुटली की ते एखाद्या मास्तराबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जायचे. आज ड्रॉइंगचे मास्तर, उद्या गणिताचे, परवा बडे मास्तर. बडे मास्तरांचं वांग्या-मिरच्यांचं शेत होतं, तिथे बांधावर दोघे बसलेले आम्ही पाहायचो. एक जण मिरच्या तोडायचा आणि दुसरा प्रश्न विचारायचा. थोड्या दिवसांनी दोघेही मिरच्या तोडायला लागले.

जे काम नको असेल ते आधी स्वतः घ्यायचं, ही त्यांची दुसरी रीत. दुपारच्या शेवटच्या तासाला पत्रे तापून वर्ग भट्टी व्हायचा. तो तास घ्यायला कुणी तयार नसायचं. तो त्यांनी उचलला आणि त्यात वाचनाचा तास सुरू केला. आपली ट्रंकेतली पुस्तकं त्यांनी आम्हाला वाटली. पुढच्या वर्षी गणिताचे मास्तर आपण होऊन म्हणाले की शेवटचा तास मला द्या. काऊन, असं सरांनी विचारलं नाही. नुसते हसले.

त्यांनी आम्हाला लोणारला सरोवरावर नेलं होतं. आम्ही आठवड्याच्या बाजाराला लोणारला जायचो, पण त्या खळग्यात उतरायला आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खाली पाण्याशी सगळे उभे असताना सरांनी विचारलं की हे पाणी खारं काऊन? एका पोरीने लवणासुराची गोष्ट सांगितली. सर म्हणाले, छान, आणखी कुणाकडे काय आहे? कुणी म्हणालं, आकाशातून दगड पडला. कुणी म्हणालं, पाणी बाहेर जात नाही म्हणून. सरांनी एकालाही चूक म्हटलं नाही. परतीच्या वाटेवर आम्हीच एकमेकांशी भांडत आलो. ते मागून चालत होते आणि आमचं भांडण ऐकत होते.

आता हजेरीची गोष्ट सांगतो, कारण आमच्या शाळेत खरं काय बदललं ते तिथे दिसलं.

आमच्याकडे हजेरी गल्लीवार व्हायची. आधी बापूसाहेबांच्या गल्लीतली मुलं, मग बाजारगल्ली, मग माळीपुरा, आणि सगळ्यांत शेवटी आमची वस्ती. आम्ही बौद्ध झालो होतो, पण गावाच्या तोंडात वस्तीचं नाव जुनंच होतं. ज्या क्रमाने हजेरी, त्याच क्रमाने बाकं. त्यात कुणी काही केलंय असं कुणाला वाटतही नव्हतं. विहिरीवर जशी रांग, तशी हजेरी.

सरांनी प्रत्येक मास्तरला वेगळं गाठून विचारलं की हजेरी गल्लीवार काऊन? एकाने सांगितलं, मुलं गल्लीगल्लीने येतात, मोजायला सोपं जातं. दुसऱ्याने सांगितलं, आधीपासून आहे. बडे मास्तर जास्त प्रामाणिक होते. ते म्हणाले, "आमाले तशे पाठ हायेत, सर." सरांनी विचारलं, मग आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे पाठ करायला किती दिवस लागतील? बडे मास्तर म्हणाले, "मले म्हाताऱ्याले? पेन्शन लागून जाईन." सर म्हणाले, ठीक आहे, मी करून बघतो. आणि खरोखर ते करायला लागले. शाळेच्या ओट्यावर फेऱ्या मारत अ, आ, इ करत नावं म्हणायचे, चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. बडे मास्तर ऐकायचे. ओळखीची पोरं कुणी चुकीच्या जागी घातली की त्यांना राहवत नसे. "कांबळे पयले, सर, मंग काकडे कसा येईन? काकडे वरतं घ्या," असं ते ओरडून सांगायचे. असं दुरुस्त करता करता दिवाळीपर्यंत त्यांचंच पाठ झालं. मग ते स्वतः म्हणाले की सुट्टीनंतर मी माझ्या वर्गात बाराखडीने हजेरी घेतो, तुमची चूक ऐकवत नाही.

दिवाळीनंतरचा तो पहिला दिवस. बडे मास्तरांनी हाक दिली, "अवसरमोल." उत्तर नाही. पुन्हा हाक दिली. अवसरमोल म्हणजे मी. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, कारण गावातल्या प्राथमिक शाळेपासून माझं नाव यायला भरपूर वेळ असायचा. तेवढ्यात बाहेर काय काय चाललंय ते बघून व्हायचं. तिसऱ्या हाकेला बडे मास्तर म्हणाले, "काय बे, झोपला का? आता तूच पयला हाय." मी 'हजर' म्हणालो तो आवाज मलाच ओळखू आला नाही. माझ्यानंतर आटोळे, बापूसाहेबांचा नातू. तो कायम पहिला होता, आता दुसरा झाला. एकच नंबर खाली. बाक मात्र एकच, आणि त्यावर आम्ही दोघे.

गावात कुजबूज झाली. चार दिवसांनी बापूसाहेब शाळेत आले. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी होणार. त्यांनी खिडकीतून हजेरी ऐकली, नातवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अ च्या पाठी आ. बरोबर हाय. बाराखडीशी कोन भांडन?" आणि काठी टेकत निघून गेले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. बापूसाहेबांवर लिहायला माझ्याकडे पुष्कळ आहे, पण हेही त्यांचंच आहे.

हजेरी जमली, म्हणून सरांनी पाण्याकडे पाहिलं. शाळेत दोन रांजण होते. एक ओट्यावर, पेल्यासकट. दुसरा बाहेर लिंबाखाली, आमच्या वस्तीच्या मुलांसाठी. त्याला पेला नव्हता. शिपाई ओगराळ्याने वरून ओतायचा आणि आम्ही ओंजळ धरायची. ज्या बाकावर मी आणि आटोळे खांद्याला खांदा लावून बसायचो, त्या बाकावरून मधल्या सुट्टीत आम्ही दोन दिशांना जायचो.

सरांनी पुन्हा त्याच वाटेने सुरुवात केली. त्याच्या पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यापासून ते एकेका मास्तराबरोबर घरी जात होते. शिपायाला विचारलं. माळीपुऱ्यातल्या बायांना विचारलं. आमच्या वस्तीत आले, माझ्या वडिलांजवळ बसले. वडील सभांना जायचे तेव्हा पत्रकं आणायचे आणि पिठाच्या खळीने घरातल्या भिंतीवर चिकटवायचे. मी अक्षर ओळखायला तिथेच शिकलो. सर ती भिंत वाचत बराच वेळ उभे राहिले होते. प्रत्येक मास्तरने त्यांना सांगितलं की माझी हरकत नाही. ड्रॉइंगच्या मास्तरांनी तर सांगितलं की नव्या रांजणावर मी नक्षी काढून देतो. ठरलं असं, की येत्या सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनापासून ओट्यावर एकच रांजण.

एका माणसाला विचारायचं राहिलं होतं. बडे मास्तरांनी बांधावर बसून सरांना सांगितलं, "एकडाव बापूसाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसा. च्या घ्या. मंग पाहा." सरांनी मिरचीचा देठ मोडला आणि म्हणाले, "तहानलेल्या मुलाने पाणी प्यायला कुणाची परवानगी मागायची, मास्तर? कायदा झालेला आहे." बडे मास्तर पुढची मिरची तोडायला लागले. हे वाक्य मात्र मिरच्या न्यायला आलेल्या शिपायामार्फत आमच्या वस्तीत आलं. माझ्या वडिलांनी ते ज्याला त्याला ऐकवलं. मला ते भिंतीवरच्या कुठल्याही पत्रकापेक्षा मोठं वाटलं. आजही वाटतं. या वाक्यातला एक शब्दही मी मागे घ्यायला तयार नाही, आणि ते बोलल्यामुळे काय झालं हेही मला पुसता येत नाही.

झेंडावंदनाला अख्खा गाव आला होता. झेंडा वर गेला, गाणं झालं, सर बोलायला उभे राहिले. नवं राज्य, नवी शाळा असं थोडं बोलून त्यांनी सांगितलं की आजपासून शाळेत पाणी एकाच रांजणाचं. खुर्चीवर बसल्या बसल्याच बापूसाहेब म्हणाले, "हेडमास्तर, रांजन दोनच राह्यतीन." आवाज चढलेला नव्हता. आठवण करून द्यावी तसं ते बोलले. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, हसले, आणि सगळ्या गावापुढे विचारलं, "का-ऊन?"

आम्ही पोरं हसलो. सवयच होती. तो शब्द आला की हसायचं.

त्या एका क्षणात काय झालं, ते पुण्याकडच्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे मोठा माणूस लहानाला 'काऊन' म्हणतो, बरोबरीचा बरोबरीच्याला म्हणतो. पोराने बापाला विचारायचं तर 'काऊन जी' म्हणावं लागतं. हा 'जी' कुणी शिकवत नाही, तो अंगात असतो. सरांचा सगळा वावर आमच्यात, पोरांत आणि हाताखालच्या मास्तरांत. आम्हाला विचारताना त्यांना 'जी' लागलाच नाही, आणि आम्ही 'जी' लावायचो तो त्यांनी आमचा भित्रेपणा समजून कानाआड केला होता. त्यांनी आमच्या भाषेतला शब्द प्रेमाने उचलला होता. बापूसाहेबांना ऐकू आलं ते असं, की बाहेरून आलेल्या माणसाने आपल्याला अख्ख्या गावापुढे आपल्याच बोलीत अरे-तुरे केलं आणि पोरं आपल्याला हसली.

बडे मास्तरांनी डोळे मिटून घेतलेले मी पाहिले. बापूसाहेब उठले. "आमचीच बोली आमच्यावर चालवता, हेडमास्तर?" एवढंच म्हणून ते गेले, आणि त्यांच्यामागे निम्मा गाव उठून गेला. खाऊ वाटायचा राहिला. नक्षीचा रांजण ओट्यावर कोरडाच होता.

सरांना हसण्याचं कारण ठाऊक होतं, उठून जाण्याचं ठाऊक नव्हतं. दुपारी बडे मास्तरांनी त्यांना 'जी' समजावून सांगितला म्हणतात. सर ऐकून म्हणाले की मी आत्ता जाऊन माफी मागतो, शब्दाची. रांजणाची नाही. ते गेलेही. बापूसाहेब घरात असून भेटले नाहीत.

मग संस्थेची बैठक झाली. तिथे शिक्षकांनाही बोलावलं होतं. बापूसाहेबांनी एकच विचारलं, "एका रांजनाले कोनाकोनाची संमती हाय?" सरांना वाटलं, हा प्रश्न आपल्या फायद्याचा आहे, कारण त्यांना सगळ्यांची संमती होती. पण ती प्रत्येकाने त्यांना एकट्याला दिली होती, कुणी बांधावर, कुणी रस्त्यात, कुणी आपल्या दारात. गणिताच्या मास्तरांना माहीत नव्हतं की ड्रॉइंगचे मास्तर हो म्हणालेत. ड्रॉइंगच्या मास्तरांना माहीत नव्हतं की बडे मास्तर हो म्हणालेत. जो तो शेजाऱ्याकडे बघत राहिला आणि प्रत्येकाला दिसलं की शेजारी गप्प आहे. म्हणून तोही गप्प राहिला. सभेत माणूस शेजाऱ्याचं तोंड बघून बोलतो, हे सरांचंच म्हणणं होतं. पण ते टाळून पुढे जाता येत नाही. कधीतरी त्या तोंडांना एकमेकांकडे बघायला लावावंच लागतं. आमच्या भिंतीवरची पत्रकं निदान एवढं तरी करायची. ती सगळ्यांना एका जागी, एका वेळी बोलवायची.

सरांनी राजीनामा दिला. तो मागितला होता की आपण होऊन दिला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे मास्तर त्यांना भेटायला गेले, आणि तेही एकेकटे. बडे मास्तर सांगतात, एक जण आत बसलेला असताना दुसरा आला, की पहिला मागच्या दाराने निघून जायचा. प्रत्येकाने आत जाऊन तेच सांगितलं, की मनाने मी तुमच्याबरोबर होतो. सरांनी प्रत्येकाला चहा दिला. वैतागून ते कुणाला बोलले असते तर बरं झालं असतं.

सकाळच्या एस.टी.ला आम्ही पोरं गेलो होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही विचारायला तोंड उघडलं. मग विचारलं नाही. त्यांनी न विचारलेला तो एक प्रश्न कोणता असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हजेरी पुन्हा गल्लीवार झाली. कुणी हुकूम दिला असं ऐकलं नाही. बडे मास्तरांनी माझं नाव सगळ्यांत शेवटी घेतलं आणि ते घेताना मान वर केली नाही. आटोळे पुढच्या बाकावर गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं होतं.

पुढे मी शिकलो, शिक्षकाच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला गेलो, आणि पत्ता शोधत सरांकडे पोचलो. एका खोलीत राहत होते, मुलांच्या शिकवण्या घेत होते. त्यांनी मला ओळखलं. सगळ्यांची चौकशी केली, बडे मास्तरांच्या मिरच्यांचीही. मग हजेरीचं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "मी सगळ्यांना विचारलं. ज्याला विचारणं मला जड जात होतं, त्याला तेवढं विचारलं नाही. आणि त्याला मी तत्त्व म्हणत होतो."

मला राग आला. मी म्हणालो, "तत्त्वच होतं ते, सर. आमच्या पाण्यासाठी त्यांच्या ओसरीवर काऊन जायचं? तुमचं चुकलं ते दुसरंच. तुम्ही मास्तरांना एकत्र बसवलं नाही." ते माझ्याकडे कौतुकाने बघत राहिले आणि म्हणाले, "हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "तू भांडतोस छान. पण माझं ओझं हलकं करू नकोस." आम्ही त्या दिवशी शेवटपर्यंत एकमत झालो नाही. निघताना त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि पुन्हा ये म्हणाले. माझं जाणं झालं नाही.

गेल्या वर्षी मी आमच्याच शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. पत्र्यांच्या जागी आता स्लॅब आहे. रांजण दोनच आहेत. या महिन्यात सरांच्या धाकट्या भावाकडून कळलं की सर गेले. मी ते शाळेत सांगितलं आणि शोकसभा भरवायचं ठरलं. बापूसाहेब आता थकले आहेत, तरी काठी टेकत आले. त्यांना बोलायची विनंती केली. मला वाटलं होतं, ते दोन गोड शब्द बोलून बसतील. ते बोलले ते मनापासून. असा हेडमास्तर या शाळेला मिळाला नाही, माझ्या नातवाला पुस्तकं वाचायची गोडी त्यांनी लावली, असं म्हणाले. मग काठीवर दोन्ही हात टेकवून ते पुढे बोलले, "त्या मानसानं मले एकडाव येऊन इचारलं असतं, त मी नाई म्हनलो नसतो. पन तो माह्या ओसरीवर आलाच नाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. सर माफी मागायला त्याच ओसरीवर गेले होते, ते मला आठवत होतं. ते खरं बोलत होते का, की इतक्या वर्षांनी असं म्हणणं सोपं झालं होतं? त्यांनी बाराखडी मान्य केली होती, म्हणजे कदाचित खरंही असेल. पण ज्या दिवशी ते कळलं असतं, तो दिवस निघून गेला, आणि ज्याला कळायला हवं होतं, तोही गेला. मला बसवेना. मी उभा राहिलो आणि विचारलं, की मग आता मी विचारतो, उद्यापासून शाळेत एकच रांजण ठेवायचा का?

सगळ्यांच्या माना बापूसाहेबांकडे वळल्या. बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते. "आज दुखवट्याचा दिवस हाय, मास्तर," ते म्हणाले. "आज नोको."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर गेलो. सरांशी भांडताना जे म्हणालो होतो ते सगळं मनात होतं, तरी गेलो. शेतावर गेलेत, असं सांगण्यात आलं. मी पायरीवर बसून राहिलो आणि शेवटी उठून परत आलो. शाळेत आल्यावर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, की मी एकटा जाऊन आलो, भेट झाली नाही, उद्या पुन्हा जाणार आहे, आणि ज्याला यायचं असेल त्याने आत्ता, इथे, सगळ्यांच्या देखत सांगावं. काही जणांनी वह्या तपासायला घेतल्या. ड्रॉइंगचे मास्तर, जे आता पिकल्या केसांचे झालेत, ते म्हणाले की मी येतो. आणखी एक जण येतो म्हणाला.

ही बातमी बडे मास्तरांपर्यंत कशी गेली कोण जाणे. ते केव्हाच निवृत्त झालेत, पाठीत वाकलेत, शाळेकडे फिरकत नाहीत. संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. धोतराचा सोगा हातात धरून म्हणाले, "सकाळी मीबी येतो. तवाच यायले पाह्यजे होतं."